टफनेलसाहेबांचं समुद्रफूल

शनिवारची अर्धी सुट्टी हा भल्या माणसाचा अपमान करण्याचा नवा प्रकार आहे, असं बार्नबस टफनेल यांचं ठाम मत होतं. आणि टफनेलसाहेबांचं मत एकदा ठाम झालं, की ते हलवायला हमालच लावावे लागत.

लंडनमधल्या एका विमा कचेरीत ते हेडक्लार्क होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत मान मोडून काम करायचं, रविवारी चर्चमध्ये मान खाली घालून बसायचं, सोमवारी पुन्हा मान मोडायला हजर, असं त्यांचं सुरळीत चाललं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात कुणाला काही कमी नव्हतं, निदान टफनेलसाहेबांना तरी नव्हतं. तेवढ्यात त्या उन्हाळ्यात मॅनेजरने जाहीर केलं, की हल्ली सगळीकडे तशी पद्धत पडत चालली आहे, तेव्हा यापुढे शनिवारी जेवणवेळेनंतर कचेरी बंद. तरुण कारकुनांनी टोप्या उडवल्या. एकाने तर टेबलाखालून क्रिकेटची बॅट काढली. म्हणजे बातमी त्याला आधीच होती, हेडक्लार्कला मात्र नाही! टफनेलसाहेब तडक मॅनेजरच्या खोलीत गेले.

"साहेब, इतकी वर्षं शनिवारची दुपार मी या कंपनीला वाहिली. ती नकोच होती, तर तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"टफनेल, घरी जा," मॅनेजर म्हणाला. "मजा करा."

मजा करा! जशी काही मजा खुंटीला टांगलेली असते, घरी गेलं की काढायची आणि अंगात घालायची.

टफनेलसाहेब कॅम्बरवेलला आपल्या घरी पोचले, तर त्यांची खुर्ची बागेत उलटी पडलेली. बायको हेस्टर आणि मोलकरीण मार्था, दोघी मिळून दिवाणखान्यातला गालिचा दांडक्याने बडवत होत्या. नवरा असा भर दुपारी दारात उभा बघून हेस्टरबाईंच्या काळजात धस्स झालं.

"अहो, तुम्ही आत्ता कसे? कोण गेलं?"

कुणी गेलं नाही, सुट्टी आहे, हे समजल्यावर तर बाई जास्तच चिंतेत पडल्या. टफनेलसाहेब जिन्यात बसले, मार्थाला जिना पुसायचा होता. स्वयंपाकघरात बसले, तिथे कणीक मळायची होती. बेडरूममध्ये जाऊन पलंगाच्या कडेवर टेकले, तर बाईंनी चादर ओढली.

"फुरसत आहे तर काहीतरी करा ना," हेस्टरबाई म्हणाल्या. "फुरसतीत माणसं काहीतरी करतात."

"मी बसतो."

"बसणं म्हणजे करणं नव्हे!"

बाईंचं अगदीच चुकत होतं असं नाही. त्या काळात रिकामं बसणं हे पाप समजलं जाई, आणि विश्रांती घ्यायची झाली तरी ती इतके कष्ट करून घ्यावी लागे, की सोमवारी कचेरीत टेकल्यावर माणसाला हायसं वाटावं. अख्ख्या गल्लीला कसला ना कसला छंद जडला होता. समोरच्या डॉक्टरांना फोटोचं वेड. औषधांनी त्यांची बोटं काळीकुट्ट झाली होती, आणि त्यांनी हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावून बसवलेली सारी गल्ली फोटोत फाशीची वाट बघत असल्यासारखी दिसे. कोपऱ्यावरच्या मिस पिम शिंपले चिकटवत. डबी, आरसा, घड्याळ, जे जागचं हलत नाही त्यावर त्या शिंपले चिकटवत. त्यांचं मांजर सतत फिरत असे ते उगाच नाही.

पण खरा काटा होता शेजारचा क्लटरबक. क्लटरबक फर्न गोळा करी. डोंगरदऱ्यांतून उपटून आणलेली ती हिरवी पानं त्याने काचेच्या पेटीत लावून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली होती, आणि जाणारी-येणारी माणसं थांबून ती पाहत. एका शनिवारी कुंपणावरून डोकं वर काढून तो म्हणाला, "टफनेलसाहेब, तुमच्या खिडकीत काय असतं हो?"

"पडदा."

"पडदा!" क्लटरबक म्हणाला. "बरं बरं."

तो नुसतं "पडदा" म्हणून थांबला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या "बरं बरं"ने टफनेलसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष लागेना. मटणाचा तुकडा काट्याला तसाच ठेवून ते म्हणाले, "हेस्टर, त्याने जंगल आणलंय ना खिडकीत? मी समुद्र आणतो."

आणि खरोखरच आठवड्याभरात काचेचा हौद दारात येऊन उभा राहिला. समुद्रातले जीव घरात ठेवून न्याहाळायची टूम तेव्हा नवीनच निघाली होती, आणि हौद बनवणाराही नवीनच असावा. कारण बाजू काचेच्या असल्या तरी तळ दगडी फरशीचा आणि चौकट लोखंडाची. चार हमालांनी तो उचलला, दारात ठेवला, एकमेकांकडे बघितलं आणि ते निघून गेले. दुसरे चार आणावे लागले. हौद खिडकीपाशी ठेवल्याबरोबर जमीन कुरकुरली. खालून तळघरातल्या स्वयंपाकघरातून मार्था एप्रन सावरत वर आली.

"मालक, हे खाली आलं तर कुणाच्या डोक्यावर येईल?"

"ते खाली येणार नाही."

"जमिनीला सांगितलंत का तसं?"

शेवटी स्वयंपाकघरात मधोमध लाकडी खांब उभा करून जमिनीला टेकू दिला. त्या खांबाला वळसा घालूनच मार्थाला चुलीकडे जावं लागे, आणि प्रत्येक वळशाला ती देवाचं नाव घेई, पण ज्या सुरात घेई त्या सुरात ते घेतलेलं देवाला आवडलं नसतं.

खांब लावला म्हणून घरमालकाचा मुनीम आला. त्याने भाडेकरार काढला, चष्मा पुसला आणि विचारलं, "या हौदात काय ठेवणार?"

"समुद्रफूल. दगडाला चिकटलेलं असतं. फुलासारखं उमलतं, मिटतं."

"म्हणजे झाड."

"नाही, प्राणी आहे."

मुनिमाने मान हलवली. "करारात गुरंढोरं पाळायला बंदी आहे."

"अहो, ते ढोर नाही! दगडाला चिकटून असतं म्हणतोय ना!"

"अजिबात चालत नाही?"

टफनेलसाहेब प्रामाणिक होते, हाच त्यांचा घात. पुस्तकात वाचलेलं त्यांना आठवलं. ते म्हणाले, "चालतं तसं. अगदी हळू. दिवसाकाठी बोटभर."

"मग चालतं. जे चालतं आणि खातं ते करारात गुरांत मोडतं." अखेर 'सदर जनावर जिन्यात मोकळं सोडणार नाही' असं लिहून दिल्यावर मुनीम गेला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, न आणलेल्या जनावरासाठी जामीन राहावं लागलेला हेडक्लार्क इंग्लंडच्या इतिहासात तोवर झाला नसेल.

मग सल्लागार सुरू झाले. हौद उन्हात ठेवा, डॉक्टर म्हणाले. अंधारात ठेवा, मिस पिम म्हणाल्या. पाण्याला हवा लागली पाहिजे, रोज सकाळी तांब्याने पाणी उंचावरून ओतत जा, असं पाद्रीसाहेबांनी कुठेतरी ऐकलं होतं. सरावाला म्हणून टफनेलसाहेब नळाच्या पाण्यावर तो प्रयोग करू लागले. पहाटे रात्रीची टोपी आणि झगा घालून खिडकीत उभे राहून हौदात पाणी ओतणारा गृहस्थ बघायला दूधवाले गाड्या थांबवू लागले. एकाने तर विचारलं, "मालक, पिल्लू कधी निघणार?"

"समुद्राचं पाणी पिंपातून विकत मिळतं हो," क्लटरबक कुंपणावरून म्हणाला. "बोटीवाले आणतात."

"विकत?" टफनेलसाहेब कडाडले. "इंग्लंडच्या चारी बाजूंना समुद्र आहे, क्लटरबक! तो मी पिंपातून विकत घेऊ?"

"बरं बरं," क्लटरबक म्हणाला.

तर अशा रीतीने वर्षाची हक्काची रजा टाकून, बरण्या, हातोडी, छिन्नी आणि हेस्टरबाई घेऊन टफनेलसाहेब ब्रॉडस्ली नावाच्या समुद्रकाठच्या गावी दाखल झाले. अर्धं लंडन तिथे आधीच आलं होतं. उतरायला खोली मिळाली ती मिसेस स्प्रॅट नावाच्या विधवा बाईंकडे. मिसेस स्प्रॅट इतक्या सभ्य होत्या, की त्यांच्या घरात टेबलाच्या पायांनाही झालर होती, आणि भिंतीवर 'वाळू घरात आणू नये' अशी पाटी होती. समुद्रकाठी राहून वाळूवर राग धरणारी बाई म्हणजे काय चीज असेल, ते ओळखून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. हेस्टरबाई टोपी बांधताना म्हणाल्या, "तुम्ही जा तुमच्या दगडांकडे. मी वाचनालयात बसेन म्हणते. उन्हाने मला चक्कर येते."

टफनेलसाहेब खडकांवर गेले आणि पाहतात तो काय, मासळीबाजार! प्रत्येक डबक्यापाशी एकेक कुटुंब वाकलेलं. इथे एक पाद्री जाळी घेऊन बसलेला, तिथे दोन बहिणी चमच्याने खडक खरवडताहेत, पलीकडे एक शिक्षिका पोरांना खेकड्याचे पाय मोजायला शिकवते आहे आणि खेकडा कधीच मेलेला आहे. अख्खा किनारा धुऊन नेल्यासारखा बोडका. एक समुद्रफूल शिल्लक असेल तर शपथ! आपण समुद्र आणायला आलो आणि लोकांनी तो आधीच घरी नेला, हे बघून टफनेलसाहेबांना इतका राग आला, की त्यांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि खडकांचं टोक ओलांडून ते पलीकडे निघाले. जिथे कुणी जात नव्हतं तिथे. कुणी का जात नव्हतं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही.

पलीकडे मात्र त्यांचं नशीब उघडलं. गुडघाभर पाण्यात, खडकाच्या कपारीत ते उमललेलं होतं: डाळिंबी रंगाचं, बशीएवढं, पाकळ्या हलवत. क्लटरबकच्या सात पिढ्यांनी असं काही पाहिलं नसेल. टफनेलसाहेबांनी श्वास रोखला. फुलाला धक्का न लावता खालचा दगड फोडायचा, हे काम सोपं नाही. कितीतरी वेळ ते वाकून ठोकत होते. बाजूला कुठेतरी बायकांच्या हसण्याचे, पाणी उडवण्याचे आवाज येत होते. पण त्यांनी पुढे शपथेवर सांगितल्याप्रमाणे, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी दगडाचा कपचा सुटला. तो बरणीत ठेवून, भरून आलेली कंबर धरून टफनेलसाहेब सरळ उभे राहिले.

समोर बायकांच्या आंघोळीच्या गाड्या. चाकांवरच्या त्या लाकडी खोल्या घोड्यांनी पाण्यात ओढून नेलेल्या, आणि त्यांच्या पायऱ्यांवरून ओल्याचिंब फ्लॅनेलच्या झग्यांतल्या पन्नासेक बायका पाण्यात उतरलेल्या. पुरुषांना जिथे फिरकायलाही बंदी, त्या जागेच्या बरोब्बर मध्यावर, उघड्या पोटऱ्यांनिशी, हातात हातोडी घेऊन विमा कंपनीचे हेडक्लार्क उभे होते.

पहिल्या क्षणी त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. मग कुणीतरी किंकाळी फोडली, "पुरुष!" दुसरी ओरडली, "हातोडीवाला पुरुष!" मग काय विचारता. समुद्र उकळावा तसं पाणी उडालं. गाड्यांची दारं आपटली. एक घोडा बिथरला आणि आतल्या बाईसकट गाडी घेऊन किनाऱ्याकडे पळाला. या गलबल्यात हॉगबेन नावाचा किनाऱ्यावरचा पहारेकरी बूट भिजवत आला आणि त्याने टफनेलसाहेबांची मानगूट धरली.

"हातोडी खाली टाका, साहेब. वय काय तुमचं? लाज नाही वाटत?"

"हात काढ आधी! मी निसर्गाचा अभ्यासक आहे!"

"सगळेच तसं म्हणतात. याआधी पकडलेला पक्षी बघत होता म्हणे."

"अरे, मी संसारी माणूस आहे! माझी बायको इथे..." टफनेलसाहेब बोलता बोलता थबकले. सगळ्यात जवळच्या गाडीच्या पायरीवर, केसांतून पाणी निथळत, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून हेस्टरबाई उभ्या होत्या. वाचनालयात असलेल्या हेस्टरबाई!

हॉगबेनने त्यांची नजर टिपली. "बाईसाहेब," तो अदबीने पाठ वळवून, आकाशाकडे तोंड करून म्हणाला, "या गृहस्थाला तुम्ही ओळखता?"

पन्नास बायकांनी माना वळवल्या. हेस्टरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. मग त्या अगदी स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मी या माणसाला जन्मात कधी पाहिलं नाही."

आणि गाडीचं दार बंद झालं.

टफनेलसाहेबांवर त्या दिवशी पुढे जे जे आलं ते त्यांनी सोसलं, पण त्या दाराचा आवाज काही त्यांच्या कानातून गेला नाही. हॉगबेन त्यांना घेऊन निघाला तो भर किनाऱ्याच्या रस्त्यावरून. तिथे लाल कोटातला बँड लष्करी चाल वाजवत होता. टफनेलसाहेब अनवाणी, एका हातात बरणी, दुसऱ्या हातात बूट. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे, कितीही प्रयत्न केला तरी त्यांची पावलं बँडच्या तालावर पडत होती. खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही करमणुकीचाच भाग.

गावचे न्यायाधीश कर्नल विदर्स हे भरघोस पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. टफनेलसाहेबांनी बायबलवर हात ठेवला, छाती काढली आणि नाव, गाव, कचेरी, हुद्दा सगळं खणखणीत सांगितलं. लपवायचं काय? आपण निर्दोष आहोत!

"तिथे गेल्यावर तुम्ही स्त्रियांकडे पाहिलंत का?" कर्नलनी विचारलं.

"एकीकडेही नाही, महाराज! शपथेवर सांगतो. मी फक्त हे पाहत होतो." आणि त्यांनी बरणी विजयी मुद्रेने टेबलावर ठेवली.

पण समुद्रफुलाला कोर्टाची सवय नव्हती. ते मिटून बसलं होतं. बरणीच्या तळाशी दगडावर नुसता एक तांबूस, गिळगिळीत गोळा. हॉगबेन वाकून म्हणाला, "माझ्या बायकोला पाठीवर अस्संच झालं होतं. पोटीस बांधलं, फुटलं."

"थांबा, उमलेल!" टफनेलसाहेब म्हणाले. सगळं कोर्ट बरणीकडे बघत थांबलं. कारकून थांबला, हॉगबेन थांबला. कुणीतरी जांभई दिली. ते काही उमललं नाही. टफनेलसाहेबांनी काचेवर टिचकी मारली तसं ते आणखी आक्रसलं.

"महाराज, हे समुद्रफूलच आहे, आणि हे घेण्यासाठीच मी गेलो होतो. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?"

कर्नल विदर्सचा चेहरा हळूहळू समुद्रफुलाच्या रंगाचा होत गेला.

"म्हणजे तुम्ही त्यांतले!" ते गरजले. "अहो, लहानपणी मी या खडकांवर खेळलोय. तेव्हा डबकं न् डबकं बागेसारखं फुललेलं असायचं. तुम्ही लंडनवाले आलात हातोड्या घेऊन, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत सगळं ओरबाडून नेलंत! घरी नेता, आठवड्यात मारता, आणि पुन्हा येता! तुम्ही बायकांकडे पाहायला गेला असतात ना, तर मी समजू शकलो असतो. माणूस आहे, चुकतो. पण एकच समुद्रफूल उरलं होतं त्या टोकाला, रोज सकाळी मी ते दुर्बिणीतून बघायचो, आणि तुम्ही..."

मना केलेल्या जागी गेल्याबद्दल दंड झाला आणि खडक फोडल्याबद्दल त्याच्या दुप्पट. शिवाय हॉगबेनच्या देखरेखीखाली ते फूल दगडासकट जिथून आणलं तिथे नेऊन ठेवायचं. टफनेलसाहेब चक्रावले. खोटं बोलून "हो, पाहत होतो" म्हटलं असतं तर स्वस्तात सुटले असते! राणीच्या राज्यात सज्जनपणाला ही किंमत! आणि ते कृतघ्न फूल, पाण्यात ठेवताक्षणी त्यांच्या आणि हॉगबेनच्या डोळ्यांदेखत टरारून उमललं.

"अरेच्चा," हॉगबेन म्हणाला. "छान आहे की."

ते खोलीवर आले तेव्हा हेस्टरबाई खिडकीपाशी केस पुसत बसल्या होत्या.

"वाचनालयात पाऊस पडला वाटतं?" टफनेलसाहेब म्हणाले.

"अहो..."

"अहो कुणाला म्हणता? आपली ओळख नाही."

"मी काय करणार होते? पन्नास बायका बघत होत्या. तुम्ही दंड भरून मोकळे झालात, मला त्यांच्या घोळक्यात कपडे बदलायचे होते!" हेस्टरबाईंचा आवाज रडवेला झाला, मग एकदम चढला. "आणि वाचनालय म्हणाले, कारण तुम्ही नको म्हटलं असतं. थंडी बाधेल, लोक काय म्हणतील, तुमच्या वयाला शोभतं का... मला एकदा पाण्यात जायचं होतं. आणि मी तरंगले हो! गाडीवर पाण्यात धरायला एक बाई असते, तिने हात काढून घेतला तरी तरंगले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात तुम्ही उगवलात, हातोडी घेऊन."

"मला काय त्याचं?" टफनेलसाहेब भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

त्यांचं भांडण रंगात येणार एवढ्यात मिसेस स्प्रॅट दारात आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. पोटऱ्यांसकट पोचली होती. "माझं घर अब्रूदार आहे," त्या छताकडे बघत म्हणाल्या, आणि त्यांनी टफनेल दांपत्याच्या बॅगा जिन्याखाली आणून ठेवल्या. रजा संपायच्या आतच दोघं परतीच्या गाडीत बसली.

बसली, पण कशी? हेस्टरबाई खिडकीपाशी. टफनेलसाहेब समोरच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला, परक्या माणसाने बसावं तसे. बसताना त्यांनी टोपी उचलून विचारलं, "बाईसाहेब, इथे कुणी आहे का?" हेस्टरबाईंनी ओठ आवळून मान हलवली. इतकी वर्षं ज्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं, त्याच्याशी बोलायचं तरी काय?

डब्यात आणखी एक जोडपं होतं. नवरा काडीसारखा, वर्तमानपत्राआड दडलेला. बायको धिप्पाड, मांडीवर खाण्याची टोपली. गाडी सुटली तशी ती टफनेलसाहेबांना न्याहाळू लागली. आधी चेहरा, मग खाली, विजारीच्या दिशेने. तिचे डोळे विस्फारले. ती झुकून हेस्टरबाईंच्या कानाशी कुजबुजली, पण तिची कुजबुज इंजिनालाही ऐकू गेली असती.

"बाई, तुम्ही इकडे माझ्याशेजारी या. एकट्या आहात ना? तो समोरचा, सकाळचा हातोडीवाला आहे! मी होते ना पाण्यात! कसा डोळे फाडून बघत होता मेला. पुढच्या स्टेशनवर गार्डला बोलावून आपण त्याला खाली उतरवू."

टफनेलसाहेबांचे कान लाल झाले. मोडेन पण वाकणार नाही, असे खिडकीबाहेर बघत बसून राहिले. पुढच्या स्टेशनवर उतरवलं तर उतरवलं. चालत जाईन लंडनला. ज्याला बायकोनेच टाकलं, त्याला गार्डने टाकलं तर नवल काय?

हेस्टरबाई उठल्या. टोपलीवाल्या बाईने सरकून जागा केली. पण हेस्टरबाई तिथे बसल्या नाहीत. चालत्या गाडीत हेलकावे खात, वरच्या जाळीला धरून त्या डब्याच्या मध्यभागी उभ्या राहिल्या.

"ते माझे यजमान आहेत," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना कुणी उतरवणार नाही."

"अगंबाई!"

"ते फूल आणायला गेले होते. त्यांनी कुणाकडे डोळा वर करून पाहिलेलं नाही, तसं शपथेवर सांगितलंय त्यांनी कोर्टात. आणि मला पटतं ते. का पटतं सांगू? लग्नाला चौदा वर्षं झाली आमच्या, माझ्याकडेसुद्धा पाहत नाहीत ते!"

वर्तमानपत्र खाली आलं. काडीसारख्या नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड दाखवलं.

"हे साफ खोटं आहे!" टफनेलसाहेब ताडकन उठले. दिवसभर जग आपल्यावर वाट्टेल ते आरोप करत होतं, पण हा सगळ्यांवर कळस होता. "हेस्टर, हा धडधडीत अन्याय आहे! मी तुझ्याकडे पाहतो!"

"पाहता?"

"अर्थात पाहतो!"

"असं? मग सांगा, सकाळी पाण्यात माझ्या अंगावर काय होतं?"

टफनेलसाहेब पेचात पडले. सांगावं, तर बायबलवर हात ठेवून घेतलेली शपथ खोटी पडते, तीही या टोपलीवाल्या बाईसमोर. न सांगावं, तर चौदा वर्षांचा संसार खोटा पडतो. वर्तमानपत्रवाल्या गृहस्थाने अनुभवी नजरेने त्यांच्याकडे पाहून मान हळूच डावी-उजवीकडे हलवली: बोलू नका. एक स्टेशन आलं आणि गेलं. गार्डला कुणी बोलावलं नाही. टोपलीवाल्या बाईला आता उत्तर ऐकल्याशिवाय कुणालाच खाली उतरवायचं नव्हतं. हेस्टरबाई तशाच जाळीला धरून उभ्या होत्या.

"निळा," टफनेलसाहेब शेवटी म्हणाले.

"काय?"

"निळा झगा. फ्लॅनेलचा. पांढऱ्या किनारीचा, आणि तुला मोठा होता तो. डाव्या बाहीचं बटण तुटलेलं होतं." ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. "तू उताणी तरंगत होतीस. डोळे मिटून. त्या बाईने हात काढून घेतला तेव्हा तू हसलीस. मी... मी कंबर सरळ करायला उभा राहिलो होतो फक्त."

"बघा!" टोपलीवाली बाई ओरडली. "मी म्हणत नव्हते? बघत होता!"

हेस्टरबाई कानापर्यंत लाल झाल्या. त्या मटकन बाकावर बसल्या, टोपलीवाल्या बाईच्या शेजारी नव्हे, समोरच्या बाजूला. मग त्यांनी आपल्या झग्याचा घोळ आवरून घेतला आणि एका माणसापुरती जागा केली.

टफनेलसाहेब त्या जागेत बसले. टोपी मांडीवर, पाठ ताठ, नाक वर, नजर समोरच्या फळीवर. आपण अजून अतिशय रागावलेले आहोत, हे सगळ्या डब्याला नीट दिसावं म्हणून.